वरातीच्या मागचा रस्ता

घरातला जुना अल्बम काढला की आजोबांचा फोटो सापडतो, लग्नाचा सापडतो, शाळेच्या निरोप समारंभाचाही सापडतो. पण ज्या रस्त्याने आपण जन्मभर ये-जा केली त्या रस्त्याचा फोटो सहसा कुणाच्याच घरी नसतो. गेली काही वर्षे मी आमच्या कारंजा लाडच्या मेनरोडचे जुने फोटो जमवतो आहे. कुणाच्या दारात जाऊन विचारले की ठरलेले उत्तर मिळते, "रस्त्याचा कायले कोनी फोटू काढते भाऊ?"

उत्तर अगदी बरोबर आहे. साठ-सत्तरच्या दशकात फोटो काढणे ही खर्चाची बाब होती. ज्यांच्याकडे कॅमेरा होता त्यांच्याकडे बहुधा ॲग्फाचा क्लिक थ्री असायचा, आणि त्याच्या एका रोळात अवघे बारा फोटो निघत. रोळ विकत घ्या, धुवायला द्या, प्रती काढा. बारापैकी एक फोटो रिकाम्या रस्त्यावर घालवणारा माणूस गावात वेडा ठरला असता. म्हणून फोटो निघाले ते वरातीचे, मिरवणुकीचे, पुढाऱ्याच्या स्वागताचे, पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीचे. रस्ता त्यात मागे उभा राहिला, न बोलावता, न सजता. त्यामुळेच तो तिथे खरा उतरला आहे. नवरदेवाने केस विंचरले होते, पुढाऱ्याने टोपी सरळ केली होती. रस्त्याला मात्र आपला फोटो निघतो आहे याची खबर नव्हती.

तेव्हा गावाच्या रस्त्याचा जुना फोटो वाचायचा असेल तर पहिली युक्ती ही, की घोड्यावरच्या नवरदेवाकडे पाहायचे नाही. त्याच्या मागे पाहायचे.

मागे पहिल्यांदा दिसतात त्या पाट्या. फोटोच्या पाठीवर तारीख नसली तरी दुकानाची पाटी ती सांगते. पाटीवर 'जि. वाशीम' असेल तर फोटो १ जुलै १९९८ नंतरचा, कारण त्या दिवशी अकोला जिल्ह्यातून वाशीम वेगळा झाला. 'जि. अकोला' असेल तर बहुधा त्याआधीचा. बहुधा अशासाठी, की जिल्हा बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी पेंटरला बोलावत नाही. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पाटी १५ ऑगस्ट १९७२ नंतर रंगवलेली, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. उभ्या मोटारसायकलच्या क्रमांकात एमएच ३७ दिसले तर आपण वाशीम जिल्ह्याच्या काळात आहोत. छपरावर माशाच्या काट्यासारखे टीव्हीचे ॲंटेना असतील तर ऐंशीचे दशक, पिवळी एसटीडी-पीसीओची पाटी असेल तर नव्वदचे, आणि हाताने रंगवलेल्या पाटीच्या जागी फ्लेक्स आला असेल तर आपण या शतकात येऊन पोहोचलो.

याहून जुन्या पाट्या आणखी बोलक्या. वऱ्हाड १९५० पर्यंत 'मध्यप्रांत व वऱ्हाड' या प्रांतात होता, मग मध्य प्रदेशात गेला, १ नोव्हेंबर १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. म्हणजे आमच्या मेनरोडवरचा एखादा दुकानदार १९४८ ते १९९८ या पन्नास वर्षांत गादीवरून उठला नसेल, तरी त्याचा प्रांत किंवा राज्य तीनदा आणि जिल्हा एकदा बदलला. माणूस जागेवर, तराजू जागेवर. फक्त पाटीवरचे अक्षर फिरत राहिले. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या कारभारात होता, त्याचीही खूण या पाट्यांवर दिसते. कुठे मराठीखाली उर्दूची एक ओळ, कुठे त्याखाली इंग्रजी. हकिमाचे दुकान, अत्तराचे दुकान, शिलाईचे दुकान. पाटी रंगवणाऱ्या पेंटरला तिन्ही लिप्या येत आणि गिऱ्हाइकाला त्यांतली एखादी आली तरी भागत असे.

मागे दुसरी गोष्ट दिसते ती ओटा. आज मेनरोड म्हटला की शटर आणि काच. जुन्या फोटोत दुकानाला फळ्यांचे दार आहे, आकडे घातलेल्या फळ्या सकाळी एकेक काढून भिंतीला टेकवायच्या. दारापुढे दगडी ओटा, त्यावर गादी, आणि रस्त्यावरून ओट्यावर चढायला पायऱ्या. ओटा ही मोठी हुशार जागा. ती दुकानाची असते आणि रस्त्याचीही. तिथे बसलेला माणूस गिऱ्हाईक असेलच असे नाही. तो एस.टी.ची वाट पाहणारा असेल, दुपारच्या उन्हातून सावलीला आलेला असेल, नुसता गप्पांना आलेला असेल. फोटोंत ओट्यावर बसलेली माणसे मोजली तर गिऱ्हाइकांपेक्षा बिनगिऱ्हाईकच जास्त भरतात.

हा ओटा गेला कुठे? एकाच दुकानासमोरचे वेगवेगळ्या काळातले फोटो शेजारी ठेवले तर उत्तर मिळते. साठच्या दशकातल्या फोटोत रस्ता मुरमाचा आहे आणि ओट्याला पाच पायऱ्या आहेत. सत्तरच्या दशकाअखेर डांबर आले, पायऱ्या चार दिसतात. नव्वदमध्ये दोन. मग सिमेंटचा रस्ता झाला आणि आता त्या जुन्या दुकानात शिरायला एक पायरी उतरावी लागते. पायऱ्या कुणी तोडल्या नाहीत. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकत गेले, रस्ता वर चढत गेला आणि ओटा जमिनीत गेला. पावसाळ्यात दुकानात पाणी का शिरते याचे कोडे ज्यांना पडते त्यांनी आजोबांच्या लग्नाचे फोटो पाहावेत. उरलेले ओटे रुंदीकरणात आणि अतिक्रमणाच्या मोहिमांत गेले. रस्ता मोठा झाला, वाहने मावली. मात्र काही विकत न घेता बसायला मिळणारी गावातली जागा संपली.

मागची तिसरी गोष्ट म्हणजे बंड्या. आमच्या भागात बैलगाडीला बंडी म्हणतात. दिवाळीनंतरच्या कुठल्याही जुन्या फोटोत वरातीच्या मागे कापसाची बंडी अडकून पडलेली दिसते. कारंजा कापसाचे गाव. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत शेतमालाच्या बाजारांचा इतिहास सुरू होतो तोच आमच्या गावापासून, कारण हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने १८८६ साली इथला कापूस बाजार नियमांखाली आला आणि तो देशातला पहिला नियंत्रित बाजार ठरला. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदाच झाला. गावाची श्रीमंती त्याहून जुनी. १६७० साली शिवाजी महाराजांची फौज वऱ्हाडात कारंज्यापर्यंत आली ती इथली संपत्ती ऐकूनच. गावाच्या चार वेशींची नावेही बाहेर जाणाऱ्या वाटा सांगतात: दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस, दारव्हा वेस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी कारंज्यावरून धावू लागली तीही कापसासाठीच. लोक तिला लाडाने शकुंतला म्हणतात. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले. त्या इंजिनाचे फोटो काढायला बाहेरगावचे हौशी लोक मोठमोठे कॅमेरे घेऊन येत. पण ज्या रस्त्याने कापूस बाजारात येई आणि ज्या रस्त्याने पैसा घरी जाई, त्याच्याकडे त्यांचा कॅमेरा क्वचितच वळला. आता गाडी काही वर्षांपासून बंद आहे, शिवारात कापसाच्या बरोबरीने सोयाबीन आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये खुला झालेला समृद्धी महामार्ग तालुक्यातून जातो. नागपूरकडे जाणाऱ्याला आता मेनरोडशी काही काम उरलेले नाही.

इथे माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. माझे अब्बा शिलाईकाम करत. चाळीस वर्षे एका ओट्यावर त्यांचे मशीन होते. त्यांचा काम करतानाचा एकही फोटो आमच्या घरी नाही. शिंप्याचा मशीनवरचा फोटो कोण काढणार? घरी आहे तो ओळखपत्रासाठी काढलेला, ज्यात ते एखाद्या आरोपीसारखे ताठ बसले आहेत. मध्यंतरी गावातल्या एका व्यापारी कुटुंबाचा अल्बम पाहत होतो. १९७४ सालची वरात, बँडवाले, गॅसबत्त्या डोक्यावर घेतलेल्या बाया, नवरदेव, करवली. आणि नवरदेवाच्या फेट्याच्या डाव्या बाजूला, मागे, ओट्यावर, मशीनवर वाकलेले अब्बा. तोंडात दोरा. वरात पाहायलाही त्यांनी मान वर केलेली नाही. कदाचित त्याच लग्नातले कपडे द्यायचे राहिले असतील. ज्यांचा अल्बम त्यांना हे माहीत नव्हते. त्यांच्यासाठी तो काकांच्या लग्नाचा फोटो होता. माझ्यासाठी तो माझ्या वडिलांचा कामावरचा एकमेव फोटो.

त्या दिवसापासून मला एक कळले, आणि आजचे सगळे बोलणे त्यासाठीच आहे. मेनरोडचा अल्बम एका घरात नसतो. तो साऱ्या गावात वाटलेला असतो. माझे वडील तुमच्या वरातीच्या फोटोत आहेत, आणि तुमचे आजोबा कदाचित आमच्या मोहल्ल्यातल्या सवारीच्या फोटोत, ओट्यावर उभे राहून लोकांना पाणी देताना. आपापल्या अल्बममध्ये आपण फक्त आपली माणसे ओळखतो. मागे उभ्या असलेल्या माणसाला ओळखायला दुसऱ्या घरचा माणूस लागतो.

सवारीचा विषय निघाला म्हणून रंगाविषयी सांगतो. आमच्या रस्त्याने सगळ्याच मिरवणुका जात आल्या. कृष्णधवल फोटोत एक गंमत होते. अगदी जुन्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे. लाल जागी काळे उमटे आणि निळे आकाश पांढरे पडे. पुढे सगळे रंग टिपणारी फिल्म आली, तरी झेंडा केशरी असो की हिरवा, कागदावर तो करडाच. मिरवणूक कुणाची हे झेंड्यावरून कळत नाही, माणसांच्या चेहऱ्यांवरून ओळखावे लागते. मी कवी माणूस, मला हे आवडते. पण त्यावरून कुणी म्हणाले की पाहा, पूर्वी सगळे किती गोडीगुलाबीने राहत, तर मी मान डोलावणार नाही. फोटोत भांडण नसते, कारण भांडणाला कुणी फोटोग्राफर बोलावत नाही.

म्हणूनच जुन्या फोटोत कोण दिसते इतकेच महत्त्व कोण दिसत नाही याला आहे. याचा धडा छायाचित्रणाच्या जन्मापासूनच मिळतो. १८३८ साली लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यु ताँप्ल या गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. फोटोत रस्ता ओस पडला आहे. प्रत्यक्षात तिथे घोडागाड्या होत्या, माणसे होती. पण त्या काळी प्लेट काही मिनिटे उघडी ठेवावी लागे, आणि चालती माणसे तिच्यावर उमटतच नसत. उमटला तो एक जण, बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला, आणि त्याच्या पायाशी पॉलिश करणाऱ्याची पुसट आकृती. छायाचित्रात आलेला तो पहिला माणूस मानतात. जो थांबू शकला तो इतिहासात आला. ज्यांना थांबायला सवड नव्हती ते गेले.

आमच्या मेनरोडवरही तसेच झाले. जिथे कॅमेऱ्याचा वेग वाढला तिथेही निवड सुरूच राहिली. पहाटे रस्ता झाडणाऱ्या बाया माझ्याकडच्या एकाही फोटोत नाहीत. त्या वेळी फोटोग्राफर झोपलेला असे. गाठी वाहणारे हमाल आहेत, पण बोजाखाली वाकलेले, चेहरा नसलेले. साठच्या दशकातल्या फोटोंत दुकानात उभी बाई जवळजवळ दिसत नाही, दिसली तर वरातीत. ऐंशीनंतर शाळेच्या मुली दिसू लागतात, सायकलवर, दोघी-तिघी मिळून. माझ्या मते आमच्या रस्त्यावरचा सर्वात मोठा बदल डांबराचा नाही, सिमेंटचा नाही. तो या सायकलींचा आहे. आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीचे काय? ती माणसे ओट्यावर बसलेली जुन्या फोटोत मला दिसत नाहीत. मघाशी मी ओट्याचे कौतुक केले, ते करताना हेही सांगायला हवे. तो सगळ्यांसाठी नव्हता. जुना रस्ता सुंदर होता असे म्हणायचे असेल तर कुणासाठी, हा प्रश्न फोटोच विचारतो.

आता हे फोटो राहणार किती दिवस? आमचे गाव जपणुकीत कच्चे नाही. कारंज्याच्या जैन मंदिरांच्या भांडारांत शेकडो वर्षे हस्तलिखिते बासनात बांधून ठेवलेली होती. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन आणि इतर विद्वानांनी ती अभ्यासली आणि १९३०च्या दशकात कारंज्याच्याच नावाच्या ग्रंथमालेतून अपभ्रंश भाषेतली काव्ये जगापुढे आली. ज्या गावाने बासनातल्या पोथ्या इतक्या पिढ्या सांभाळल्या, त्याच गावात चाळीस वर्षांपूर्वीची निगेटिव्ह शोधायला मला रद्दीवाल्याकडे जावे लागले. गावोगावचे स्टुडिओ मोबाइल आल्यावर एकेक करून बंद झाले. १९९३ साली मतदार ओळखपत्रे आली तेव्हा फोटोंची आणखी गरज निर्माण झाली, पण तो बहर टिकला नाही. स्टुडिओ बंद करताना पेट्या भरून निगेटिव्ह किलोवर गेल्या, कारण फिल्मवर चांदीचा अंश असतो आणि तो काढून घेणारे लोक आहेत. गावाचा सारा चेहरा धुऊन चिमूटभर चांदी.

घरातल्या अल्बमचेही बरे नाही. लोकांना वाटते, कृष्णधवल फोटो जुना म्हणून आधी जाईल. होते उलटे. कृष्णधवल फोटोतली आकृती चांदीच्या बारीक कणांची असते; नीट धुतलेला असेल तर तो शंभर वर्षे टिकतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो रासायनिक रंगांचे. त्यातला निळसर रंग आधी उडतो आणि सगळा फोटो लालसर होत जातो. म्हणून पणजोबा अजून टवटवीत आणि आपल्या लग्नातले पाहुणे मात्र तांबूस झाले आहेत. त्या काळातल्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो तर गोंदामुळेच खराब होतात.

करण्यासारखे थोडेच आहे आणि ते फुकट आहे. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ अल्बम घेऊन बसा. समोरची माणसे तर ते सांगतीलच, पण मागचे विचारा: हे दुकान कुणाचे, ही भिंत कशाची, हा कोण उभा आहे? उत्तर फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने लिहा; बॉलपेनने लिहू नका, त्याची दाबखूण पुढच्या बाजूला येते. फोटो लॅमिनेट करू नका. मोबाइलवर प्रत काढायची तर उजेडात पण थेट ऊन नसलेल्या जागी, फ्लॅश बंद करून काढा, आणि मूळ फाइल जपा, कारण व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो लहान होतो आणि मागची पाटी वाचता येत नाही. वाढदिवसाच्या, गणपतीच्या, ईदच्या निमित्ताने चार घरांनी आपापले अल्बम एका ओट्यावर, ओटा उरला नसेल तर एका सतरंजीवर आणावेत. बघा, किती वेळा कुणीतरी म्हणेल, "अरे, हा तर आमचा बाबा!"

आज रस्त्याचे फोटो भरपूर निघतात. अपघाताचे, खड्ड्याचे, स्वतःचे. पण एक गोष्ट मला दिसते. सेल्फीत चेहरा इतका मोठा येतो की मागे जागाच उरत नाही, आणि नव्या फोनमध्ये मागचे धूसर करण्याची सोय आहे. लोक ती हौसेने वापरतात. पन्नास वर्षांनी कुणी आपला फोटो उघडून आपल्या मागे आपल्या आईवडिलांना शोधेल, तेव्हा त्याला तिथे नुसता धुके भरलेला रंग सापडेल. फोटो जरूर काढा. फक्त कधीतरी दोन पावले मागे सरका आणि दुकान, पाटी, ओटा, त्यावर बसलेला अनोळखी माणूस यांना आत येऊ द्या. तो कुणाचा तरी बाप असतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)